वांधा तिथल्या तिथे

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळी नळाला पाणी कमी दाबाने. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बदलून घेतला. कामाच्या शकुबाई उशिरा आल्या, नातवाला ताप. दुपारी बँकेत जाऊन आले. संध्याकाळी तेजस्विनी कारखान्यातून आली ती हसतच. तक्रारपेटी उघडली तर आत एक लग्नपत्रिका, तांदूळ, सुटी नाणी आणि सुकलेली जास्वंदीची फुलं. तक्रार एकही नाही. जेवायला मुगाची खिचडी.

ही तेजस्विनी आहेर माझी भाडेकरू. गंगापूर रोडवरच्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती चार वर्षं राहते आहे. मूळची देवळ्याकडची. वडील खंडेराव कांदा पिकवतात. तिने नाशकात राहून एम.बी.ए. केलं आणि अंबडच्या एका कारखान्यात एच.आर.चं काम धरलं. गाड्यांच्या आत तारांचे जे जुडगे असतात ते तिथे तयार होतात. ते लोक त्याला हार्नेस म्हणतात. कामाला बहुतेक बायकाच.

ती खोल्या पाहायला आली तो दिवस मला चांगला आठवतो. आधी येऊन गेलेल्या मुली भिंतींचा रंग पाहायच्या आणि वायफायचं विचारायच्या. हिने सगळे नळ सोडून पाहिले, खिडक्या लावून पाहिल्या आणि मग लोखंडी कपाट पुढे ओढलं. मागे ओल होती.

"काकू, ही ओल आपण दोघींनी मिळून पाहिली," ती म्हणाली. "आता पुढे यावरून वाद नाही."

भाडं कमी करून मागितलं नाही. मी त्याच दिवशी होकार दिला. तिचं बोलणं मोठ्याने, या बांधावरून त्या बांधावर बोलावं तसं. हेल्मेट माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवते. मी रोज उचलून खुंटीला लावते आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर ठेवते.

तक्रारपेटी तिनेच बसवली होती. ऑफिसजवळ ठेवली तर साहेबांच्या नजरेसमोर कोण चिठ्ठी टाकणार, म्हणून तिने ती फाटकाशी, कारखान्यातल्या छोट्या गणपतीच्या देवळाला लागून लावली. लाल पेटी, खाली कुलूप, वर फट. कामावर येणारी प्रत्येक बाई तिथे चपला काढून हात जोडते, तेव्हा पेटी सगळ्यांना दिसेल असा तिचा विचार. पेटी सगळ्यांना दिसलीच. पण देवळाशेजारी फट दिसली की आपल्या बायका तीत काय टाकतात, हे लक्षात घ्यायचं राहून गेलं. पेटीवर लिहिलेलं नाव पहिल्याच आठवड्यात हारांखाली झाकलं गेलं होतं.

पत्रिका सरुबाईंच्या मुलीची होती. लग्नाची पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची आपली रीत आहे, त्याप्रमाणे त्यांनी ठेवली. सरुबाई मखमलाबादच्या. घरचा भाजीचा आणि झेंडूचा मळा नवरा आणि दीर पाहतात आणि त्या कारखाना निघाल्यापासून तिथे कामाला आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्विनी पत्रिका परत द्यायला त्यांच्या टेबलापाशी गेली.

"सरुबाई, ही चुकून आमच्या पेटीत पडली."

"चुकून कशी? मी माझ्या हातानं टाकली. अंघोळ करून, हळदकुंकू लावून."

"अहो, ती तक्रारपेटी आहे."

"मग गणपतीला लोक दुसरं काय सांगत्यात?" शेजारच्या बायका हसायला लागल्या. "देवाला दिलेली पत्रिका मी परत घेत नाय, मॅडम. तुमच्या हातात आली म्हंजे तुम्हाला आमंत्रण. साधनाच्या लग्नाला यायचं."

"येते," तेजस्विनी म्हणाली. आणि निघता निघता तिने सहज विचारलं, "पण खरीच काही तक्रार असली, तर?"

सरुबाईंनी हातातली टेप दातांनी तोडली. "कुठं टाकू? क वाल्यांची पेटी येगळी हाय का?"

आता कोणी हसलं नाही.

त्या आठवड्यात भिंतीवर यादी लागली होती. प्रत्येकीच्या नावापुढे अ, ब किंवा क, आणि एप्रिलपासूनची पगारवाढ त्या अक्षराप्रमाणे. ही पद्धत तेजस्विनीनेच आखली होती आणि तिला तिचा अभिमान होता. त्याआधी वाढ सुपरवायझरच्या मर्जीवर ठरे. जी गोड बोलेल तिला जास्त. तेजस्विनीने मर्जी काढून टाकली. पाळीत कोणी किती हार्नेस केले एवढंच पाहायचं. ओळखपाळख नाही, गाव नाही, जात नाही. मला ती सांगत होती तेव्हा मलाही ते न्यायाचं वाटलं होतं आणि मी तसं म्हटलंही होतं.

पण सरुबाई उभ्या असत शेवटच्या टेबलाशी. नव्या मुलींच्या हातून बिघडलेला माल त्यांच्याकडे येई. चुकलेली तार काढून जागेवर बसवायची, टेप नव्याने गुंडाळायची आणि त्या मुलीला हाक मारून काय चुकलं ते दाखवायचं, हे त्यांचं काम. कोणी नेमून दिलेलं नव्हतं. हळूहळू त्यांच्याकडे आलं होतं. दुरुस्त झालेला हार्नेस मात्र मुलीच्या नावावर लागे, कारण सुरुवात तिने केलेली असे. सरुबाईंच्या नावावर दिवसाअखेरी फारसं काहीच नसे. त्यांना क मिळाला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या रूपालीला अ.

त्याच बुधवारी दुपारी सरुबाईंनी शेवटचं टेबल सोडलं. पुढच्या रांगेतल्या एका रिकाम्या जागी जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि चारचौघींसारखे हार्नेस करायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा आकडा रांगेत सगळ्यांच्या वर होता. रूपालीच्याही.

"मोजा आता," त्या सुपरवायझरला म्हणाल्या.

नव्या मुली बिघडलेला माल घेऊन त्यांच्यापाशी आल्या की त्या मान वर न करता म्हणत, "माझ्याकडं नको आणू बाई. क वालीला काय कळतंय?" शेवटच्या टेबलावर ढीग वाढत गेला. शनिवारी गाडी भरायची होती, ती भरली नाही.

कारखान्याचे प्रमुख दीपक खैरनार. माणूस वाईट नाही, पण पुण्याच्या हेड ऑफिसमधून त्यांना सकाळपासून फोन येत होते. त्यांनी तेजस्विनीला बोलावून सांगितलं, बाईने काम नाकारलं आहे, कारणे दाखवा नोटीस काढ, सोमवारी तिच्या हातात पडली पाहिजे. सही एच.आर.ची. तशी नोटीस म्हणजे पुढे चौकशी, आणि चौकशीचा शेवट काय होतो हे दोघांनाही माहीत होतं. घरात लग्न काढलेल्या बाईची नोकरी जाणार होती.

"आणि मी सही नाही केली तर, सर?"

"तर मला दोन माणसं शोधावी लागतील," खैरनार म्हणाले. "एक हार्नेसला आणि एक एच.आर.ला."

हे अर्धं थट्टेने होतं. दुसरा अर्धा भाग घेऊन ती शनिवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी भाकरी टाकत होते. नोटिशीचा कागद हेल्मेटखाली.

आमचे हे सातपूरला तीस वर्षं पर्सोनेल मॅनेजर होते, त्यामुळे असे प्रसंग माझ्या घराला नवे नाहीत. यांची रीत ठरलेली. दार लावायचं, समोरच्याला खुर्ची द्यायची, चहा मागवायचा, आणि जे ठरेल ते त्या चार भिंतींत राहू द्यायचं. बरेच तंटे यांनी तसे मिटवले. मी तिला तेच सुचवलं.

"केबिनमध्ये सरुबाई बोलणार नाहीत, काकू. खुर्चीच्या टोकावर बसतील आणि 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतील. खरं बोलणं मग बाहेर, माझ्या माघारी."

"दुसरा काही उपाय आहे तुझ्याकडे?"

"आहे. वांधा करायचा."

मला नीट कळलं नाही, तेव्हा तिने समजावून सांगितलं. कांद्याचा लिलाव बाजार समितीत ट्रॅक्टर उभा असतानाच होतो. व्यापारी वरवरचा माल हातात घेऊन पाहतो आणि बोली लावतो. मग ट्रॉली त्याच्या खळ्यावर रिकामी करतात. खालून वेगळा माल निघाला तर व्यापारी भाव पाडतो, शेतकरी ऐकत नाही, आणि वांधा पडतो. मग समितीची माणसं खळ्यावर येतात. ऑफिसात कोणाला बोलावत नाहीत. ढिगाभोवती सगळे उभे राहतात, हातांनी ढीग उकरतात आणि माल हलायच्या आत निकाल देतात.

"मी पाचवीत होते तेव्हा आमच्याच ट्रॉलीचा वांधा पडला होता. व्यापारी म्हणाला, खाली माल बारीक आहे. आप्पांना राग आला. म्हणाले, 'ओता सगळी खाली! समद्यांच्या डोळ्यासमोर होऊ द्या. माझा कांदा खोटा नाय.' ओतली. खालून गोल्टी निघाली, ही एवढी एवढी!" तिने बोटांनी सुपारीएवढा कांदा दाखवला.

"मग भरली कोणी ती?"

"मी. आदल्या दिवशी मजूर आले नव्हते म्हणून मी आणि आई भरत होतो. मला वाटलं, मोठा कांदा वर असला की ट्रॉली छान दिसते."

मी तवा उतरवला आणि हसत बसले.

"आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त. मग व्यापाऱ्याला म्हणाले, 'बराबर हाय तुमचं, करा भाव कमी.' आणि त्याच्याचबरोबर चहा प्यायले. पुढच्या खेपेला त्या माणसाने आमची ट्रॉली न उकरता घेतली. आप्पा त्या दिवशी हरले होते, काकू, पण घरी ताठ मानेने आले. काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं ना."

"कारखान्यात ढीग कशाचा घालणार?"

"हार्नेसचा. भरपूर पडलाय."

"आणि खालून निघालेली गोल्टी तुझी असली तर?"

तिने दुसरी भाकरी ताटात घेतली. "मग भाव पाडून घ्यायचा," ती म्हणाली.

सोमवारी काय झालं ते मी दोन तोंडून ऐकलं आहे. एकदा त्याच संध्याकाळी तेजस्विनीकडून, आणि पुढे एकदा सरुबाईंकडून. मजल्यावरचं जिथे दोघींचं जुळतं तेवढंच इथे देते.

तिने खैरनारांना सांगितलं, "सर, नोटीस माझ्याजवळ तयार आहे. सही जेवणाच्या सुट्टीनंतर करीन. त्याआधी मला मजल्यावर एक तास द्या."

"एक तास काम बंद?"

"चार दिवस बंदच आहे, सर. गाडी कुठे भरली?"

"ठीक आहे. पण तमाशा नको. आणि मी तिथे असणार."

"तुम्ही पाहिजेच."

तिने टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत ताडपत्री अंथरायला लावली. एका बाजूला चार दिवसांत साचलेला बिघडका माल, दुसऱ्या बाजूला स्टोअरमधून परत आणलेला फेब्रुवारीचा चांगला माल. मध्यस्थ म्हणून स्टोअरचे फकिराभाऊ. ते ना रांगेतले, ना ऑफिसातले. शिवाय मूळचे नामपूरचे, म्हणजे कांद्याच्याच बाजाराच्या गावचे. वांधा हा शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी स्वतःसाठी आणलेलं स्टूल बाजूला सारलं आणि विचारलं, "उभ्यानंच ना?"

त्यांनी चांगल्या ढिगातला एक हार्नेस उचलला. त्याला बांधलेली नावाची चिठ्ठी पाहिली. "हा रूपालीचा. काय गं, तुझाच का?"

टेप गुंडाळून झाल्यावर तिचं टोक प्रत्येक बाई आपल्या पद्धतीने संपवते. कोणी कात्रीने सरळ कापते, कोणी तिरपं. सरुबाई ते टोक आत मुडपतात आणि वरून नख ओढतात. रांगेतल्या प्रत्येकीला प्रत्येकीचा हात ओळखू येतो, पण हे कधी कोणी कोणाला विचारलं नव्हतं. रूपालीने हार्नेस उलटसुलट करून पाहिला.

"बोल की. हार्नेस चावतोय का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"सुरुवात माझी हे," रूपाली म्हणाली.

"आणि शेवट?"

"शेवट मावशींचा."

फकिराभाऊंनी तो वेगळा ठेवला आणि दुसरा उचलला. मग तिसरा. थोड्या वेळाने बायका आपण होऊनच पुढे झाल्या. आपापला माल ओळखून इकडे तिकडे टाकू लागल्या, एकमेकींना टोमणे मारू लागल्या. "अगं, तुझ्यात तुझं काय हे? चिठ्ठी?" असा आवाज आला आणि हशा पिकला. ताडपत्रीवर दोन ढीग झाले, एक स्वतः पूर्ण केलेल्यांचा आणि एक सरुबाईंचा हात लागलेल्यांचा. मोजावं लागलं नाही. लांबून पाहणाऱ्यालाही ते जवळजवळ सारखे दिसत होते.

सरुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. रूपालीचा चेहरा मात्र लाल झाला होता.

"मग आता काय, आमचा अ काढून घेणार?" ती तेजस्विनीला म्हणाली. "मी काय चोरी केली? आकडा माझ्या नावावर तुम्हीच टाकत होता. वाढीच्या भरवशावर मी गाडीचा हप्ता बांधून बसले. आता मावशींना द्यायला माझं काढणार?"

"तुझा अ तुझाच राहील. तू शिकलीस, हात भरभर चालतो तुझा, त्यात खोटं काही नाही."

"मग चुकलं कोण?"

"मी," तेजस्विनी म्हणाली. नेहमीसारखीच मोठ्याने, म्हणजे शेवटच्या टेबलापर्यंत गेलं असणार. "माल दोघींचाही चांगला आहे. माझा काटा चुकला. सुरुवात कोणी केली तेवढं मी मोजलं. तो माल गाडीत चढण्याजोगा कोणी केला, ते मोजायचं राहिलं."

 खैरनारांनी घसा साफ केला. "मग ही नोटीस मी कोणाला देऊ?"

"मला द्या, सर. कागद तयार आहे, फक्त नाव बदलायचंय."

बायका आधी हसल्या, मग खैरनारही हसले. पण फकिराभाऊंनी हात वर केला. वांध्यात एकच बाजू पाहून चालत नाही, असं म्हणून ते बिघडक्या ढिगापाशी गेले.

"सरुबाई, हा ढीग कशाचा?"

"माझ्या रागाचा. मग काय आरती ओवाळू का लोकांची?"

"राग खरा. पण चार दिवस नव्या पोरी तुमच्यासमोर येऊन उभ्या राहत होत्या. ती यादी काय त्यांनी लावली?"

सरुबाईंनी ढिगाकडे पाहिलं. "नाय," त्या म्हणाल्या. "त्या पोरींचं काय चुकलं नाय. तेवढं माझं चुकलं."

निकाल ताडपत्री उचलायच्या आत झाला. शेवटच्या टेबलाला स्वतःची वेगळी श्रेणी, अ च्या वर. दुरुस्त केलेला माल दुरुस्त करणारीच्या नावावर. नव्या मुलींना शिकवणं हे काम म्हणून धरायचं. आणि सरुबाईंनी आजच आपल्या टेबलाशी जायचं. खैरनारांनी विचारलं, पुण्याला काय सांगू? तेजस्विनी म्हणाली, या टेबलावरची बाई हलली की गाडी भरत नाही, एवढंच सांगा, पुरावा तुमच्या पायाशी आहे. त्यांनी ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिहून दे. मी पाठवतो." नोटीस त्यांनी तिच्याकडून घेतली आणि स्वतःच्या हाताने घडी करून खिशात घातली.

"पैशाचं एप्रिलमध्ये बघू," सरुबाई म्हणाल्या. "आधी तो क पुसा. चहाच्या आत."

"छापलेला आहे, पुसला जाणार नाही."

"मग फाडा!"

तेजस्विनी भिंतीपाशी गेली आणि तिने आपली यादी आख्खी खाली काढली. चहाच्या वेळी सरुबाई शेवटच्या टेबलाशी होत्या आणि त्यांच्यासमोर नव्या मुलींची रांग लागली होती. "ये गं, तू आधी. केवढी ही तार चुकवलीस, तुझ्या आयशीनं वेणी तरी नीट घालायला शिकवली का?" असं चाललेलं दूरवर ऐकू येत होतं.

पुण्याने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंजुरी दिली. सगळंच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या मालात सरुबाईंचा हात जास्त होता अशा काहीजणी अजून तेजस्विनीशी तुटक बोलतात. रूपालीने मात्र शेवटच्या टेबलावर शिकायला जायचं म्हणून अर्ज दिला. खरी किंमत कोणत्या टेबलाला आहे हे तिने ताडपत्रीवर हेरलं. आता कोणाला वांधा घालायचा असेल तर सोमवारी चहाआधी घालता येतो, माल समोर ठेवून, उभ्याने. तक्रारपेटी तिथेच आहे, कारण ती काढायची म्हणताच बायकांनी काढू दिली नाही. तेजस्विनीने तिच्यावरचं नाव खरडून टाकलं आणि किल्ली फकिराभाऊंना दिली. आतल्या पैशांतून ते देवाच्या दिव्याला तेल आणतात. आमच्या ह्यांना ही उघड्यावरची रीत पटली असती असं मला वाटत नाही. पण ढीग पाहायला ते नक्की गेले असते.

एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघी साधनाच्या लग्नाला मखमलाबादला गेलो. मांडव घरच्याच झेंडूचा. सरुबाईंनी तेजस्विनीचा हात धरून विहिणीपुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "या आमच्या मॅडम. गणपतीनं बोलावल्यात." मग मला एका खुर्चीत बसवून त्या सोमवारची हकीकत सांगितली. त्यांच्या सांगण्यात त्या बऱ्याच जास्त बोललेल्या होत्या आणि फकिराभाऊ बरेच कमी.

घरी परतलो तर फाटकात पिकअप उभी. खंडेराव देवळ्याहून आले होते. मला नमस्कार करून त्यांनी गाडीतून गोणी उतरवली आणि घाम पुसत लेकीला विचारलं, "तेजू, कारखान्यात वांधा केला म्हनं तू?"

"केला, आप्पा."

"मंग? निकाल कोनाकडं?"

"माझ्या विरुद्ध."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "पानी चांगलं गार हाय हो तुमचं," ते मला म्हणाले, आणि मग तिला, "मंग बराबर झाला म्हनायचा."

संध्याकाळच्या नोंदीत मी लग्नाचं लिहिलं, आणि शेवटी एवढंच. देवळ्याहून उन्हाळ कांद्याची एक गोणी आली. जिन्याखाली पसरून ठेवला. दोन सडके निघाले, टाकून दिले.